हळद लावायची गरज नाही

"तू बस गं आत, दमली असशील. हळद लावायला तू यायची काही गरज नाही," थोरल्या जाऊबाई गोड आवाजात म्हणाल्या आणि मी भिजवलेल्या हळदीची वाटी त्यांनी माझ्याच हातातून काढून घेतली. पाटावर माझी लेक, भोवती सुवासिनी. मी विधवा, म्हणून दाराआड. मी वळले.

"काकू, थांबा," लेक पाटावरून म्हणाली. ती शाळेत इंग्रजी शिकवते. आवाज मागच्या बाकापर्यंत जाणारा. "सहावीच्या पोरांना मी हेच शिकवते. 'मस्ट नॉट' म्हणजे मनाई. 'डोन्ट हॅव टू' म्हणजे सक्ती नाही, हवं तर करा. तुम्ही आईला यातलं काय सांगताय?"

"अगं, आज कसली शाळा भरवतेस? रीत आहे ती. तिने लावू नये."

"मग मनाई आहे असं सरळ म्हणा ना. तिच्या दमण्याची काळजी कशाला?"

मी पोरीला आवरावं म्हणून जाऊबाई माझ्याकडे बघू लागल्या. एरवी आवरतेच मी. आज मात्र कानशिलं तापली.

"ताई, हे गेल्यावर हिला एकटीने वाढवत होते, तेव्हा नाही कुणी म्हणालं, तुझी गरज नाही म्हणून!" मी वाटी ओढून घेतली आणि लेकीच्या गालावर हळद फासली.

"आई, हळू. लागतंय."

"लागू दे," मी म्हटलं आणि दुसरा गाल घेतला.