मोडलेली सोयरीक

अठ्ठ्याहत्तरच्या निवडणुकीत तुलारामच्या डोक्यात पक्ष असा भिनला होता, की लेकीचं साक्षगंध झालंय याचंही त्याला भान उरलं नाही. होणारा व्याही कृष्णराव समोरच्या पक्षाचा झेंडा घेऊन चावडीवर उभा दिसला, आणि तुलारामनं तिथल्या तिथं सोयरीक मोडली.

"दुश्मनाच्या घरी पोरगी देऊ काय? त्याच्यापरीस विहिरीत ढकलीन!"

रुखमानं नवऱ्याचे पाय धरले. देवांगनानं अन्नाला हात लावला नाही. पण मतदानाच्या आधीच बापानं तिला आपल्या पक्षातल्या एका बिजवराच्या गळ्यात बांधलं. जावयाचे केस पांढरे होते, पण पक्ष पक्का होता.

निकाल लागला, कोणालाच बहुमत नाही. मग त्याच दोन पक्षांनी हातमिळवणी करून सरकार बसवलं. चावडीवर गुलाल उधळला. कृष्णरावनं धावत येऊन मिठी मारली, "आता आपून एकाच घरचे, तुलारामभाऊ!" तुलारामचे डोळे भरून आले.

गुलालानं माखलेला तो तसाच लेकीच्या सासरी गेला. देवांगना अंगणात सावत्र लेकीचं पोर मांडीवर घेऊन थोपटत होती.

"बाई, सारं भांडण मिटलं! आता कोणी दुश्मन नाही राहिला आपला!"

थोपटणारा हात थांबला.



"तं मंग बाबा, मी आता घरी येऊ?"