रविवारची मीटिंग

दोन एसट्या बदलून निवृत्ती तालुक्याच्या शाळेत पोचला. दारू सोडू पाहणाऱ्यांची मीटिंग तिथं रविवारी भरायची. आपल्या गावात कुणाला कळू नये म्हणून तो एवढ्या लांब आला होता.

वर्गात एकटाच माणूस बसला होता, त्याच्याच गावचा अंकुश. गेल्या जत्रेत दारूच्या नशेत निवृत्तीनंच त्याचा डोळा फोडला होता.

"चालता हो," अंकुश म्हणाला.

निवृत्ती दाराकडं वळला.

"थांब!" मागून आवाज आला. "तुला माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण तीन रविवार इथं कुणीच आलं नाही. आजही एकटाच परतलो, तर वाटेत पुन्हा पिईन. बस तिकडं."

निवृत्ती शेवटच्या बाकावर बसला. त्याच्याकडं पाठ फिरवून, फळ्याकडं बघत अंकुश म्हणाला, "मी अंकुश. मी दारुडा आहे."