सुनेने वाचलेली कादंबरी

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी पंधरा दिवस वाचायला बंदी केली, म्हणून धुंडिराज अण्णांना त्यांची सून वैजयंती रोज दुपारी एक जुनी, गाजलेली कादंबरी वाचून दाखवू लागली.

तिसऱ्या प्रकरणातच अण्णांनी निकाल दिला. "ही नायिका घर बुडवणार. सासऱ्याला तोंड वर करून 'मला शाळेत शिकवायचंय' म्हणते! सासरा मात्र देवमाणूस हो."

"पुढे वाचू ना, अण्णा?"

"वाच, वाच. बघू तरी किती शेफारते ती."

पण नायिका काही शेफारेना. घरचं सगळं उरकून ती तेवढंच एक मागणं मागे, आणि सासरा दर वेळी नाही म्हणे. आठव्या प्रकरणाला अण्णा खाटेवर उठूनच बसले. "या म्हाताऱ्याला काय धाड भरलीय? हो म्हणताना जीभ झडते का याची?"

वैजयंतीने घाईघाईने पान उलटलं.

सोळाव्या दिवशी अण्णांनी नवा चष्मा लावून पुस्तक स्वतः उघडलं, दोनदा चाळलं आणि सुनेला हाक मारली.

"यातली नायिका तर सासऱ्यापुढे तोंडच उघडत नाही गं. शाळेचं तर नावही नाही."

वैजयंतीने कबूल करून टाकलं. "ते... मीच मधेमधे घालत होते, अण्णा."

अण्णांना हसू काही दाबता येईना.

"लेखकापेक्षा बरं रचलंस," ते म्हणाले. "आता शेवट सांग. शाळेत रुजू कधी व्हायचंय?"