नाक्यावर अडलेलं वऱ्हाड

मुंडावळ्या बाजूला सारून इरावतीने फोन कानाला लावला.

“तुझ्याच सिग्नलनं वऱ्हाड अडवलंय,” पलीकडे नवरदेव वैतागला होता. शहराच्या नाक्यावरच गाड्या थोड्या थोड्या सोडल्या तर आतले चौक तुंबत नाहीत, ही योजना वाहतूक खात्यातल्या इरावतीचीच. पहिली चाचणी नेमकी आज लागली होती.

“कंट्रोल रूमला सांग ना सोडायला,” शेजारी उभे असलेले मामा घायकुतीला आले. “मुहूर्त टळेल.”

“सगळे एकदम आत शिरले तर मंडईत अडकतील, मामा. थांबा जरा.” बोलली खरी, पण नजर घड्याळावर होती. गणित चुकलं तर लग्न आणि योजना, दोन्ही बोंबलणार.

थोड्याच वेळात बँड वाजला. ओवाळायचं ताटही तयार नव्हतं आणि वऱ्हाड कार्यालयाच्या दारात. “नाका सुटला तो थेट इथंच,” नवरदेवाला हसू आवरेना. “मंडईत ब्रेकसुद्धा लागला नाही.”

शालू सांभाळत इरावतीने उडीच मारली.

सीमांतपूजन गाळलं म्हणून रुसलेल्या सासूबाई पुढे आल्या. “आता माझी तक्रार नाही,” त्या म्हणाल्या. “वेशीवर थांबवून, मानानं आत आणलंस की आम्हाला.”