तुरटीचा खडा

गुरुजींनी खुर्चीत बसता बसता पिशवीतून दोन रेझर काढून आरशापुढे ठेवले. एक प्लॅस्टिकचा, दुसरा पोलादी, पातं बदलायचा.

“दामू, तू जाणकार. प्रवासाला यातला कुठला बरा?”

मी हसलो. “मी बरोबर असताना तुम्हाला रेझर कशाला?”

तीस वर्षं मी त्यांची दाढी करत आलो. याच दुकानात त्यांनी मला पन्नाशीत अक्षरं शिकवली. तेव्हाच म्हणाले होते, “रामेश्वरला दोघं जाऊ. वाटेतल्या पाट्या तू वाचायच्या.” परवा निघायचं होतं. माझी भरलेली पिशवी खुंटीला टांगलेली होती.

गुरुजी आरशात बघेनात. “मुलाच्या गाडीत जागाच उरली नाही रे. व्याही येतो म्हणाले. त्यांना नाही कसं म्हणायचं?”

मला नाही म्हणणं सोपं होतं.

मी पोलादी रेझर निवडला. दांडा जड आहे, हात हलणार नाही, असं सांगितलं. ब्रश वाळवूनच डबीत ठेवा म्हणालो. मग नेहमीसारखी दाढी केली. हनुवटीखाली त्यांचे केस उलटे वाढतात, तिथे नेहमीसारखाच हात सांभाळला.

ते उठले तेव्हा मी खुंटीवरची पिशवी सोडली आणि आतला तुरटीचा नवा खडा त्यांच्या हातावर ठेवला.

“ही कशाला? इतक्या वर्षांत मला कधी लागली नाही.”

“मी तुम्हाला कधी कापलं नाही, गुरुजी.”