लोडरचा सेल्फ

अकरा वाजता आलेला लोडर अडीच वाजले तरी रुखमाबाईच्या भिंतीसमोर तसाच उभा होता. त्याचं बकेट हवेत उचललेलं, आणि बकेटच्या दातांपासून भिंत जेमतेम हातभर. पाडकामाच्या कागदावर साहेबांची एक सही राहिली म्हणून ऑपरेटरने इंजिन बंद केलं; सही आली, पण इंजिन पुन्हा सुरू झालंच नाही.

हिंगणा रोडच्या कडेची एकोणीस घरं रस्ता रुंद करायला पाडायची होती. पहिलं घर रुखमाबाईचं. म्हणून तिने पहाटेपासून सगळं बाहेर आणून ठेवलं होतं. पलंग, पाण्याचा ड्रम, धान्याची कोठी, चौकटीतून दारसुद्धा. वकील कोर्टात बसला होता. चारपर्यंत स्थगिती आणतो, तोवर कसंही करून थांबवा, असा त्याचा निरोप होता. थांबवायला कुणाला काही करावंच लागलं नाही. लोडरनेच वस्तीची बाजू घेतली, असं लोक आता हसून बोलू लागले होते. शेवटच्या घरातली शोभाताई तर चहा करून घेऊन आली. आपली पाळी आज काही येत नाही, अशा भरवशावर तिने घरातली वाटीही हलवली नव्हती.

बोलावून आणलेला मेकॅनिक, रोशन, घामाने निथळत होता. त्याने आधी बॅटरीवर संशय घेतला, दुसरी बॅटरी आणली, जाड वायरी जोडल्या. चावी फिरवली की आत एकदाच ‘टक’ व्हायचं आणि सगळं गप्प.

रुखमाबाई रस्त्यावरच्या पलंगावर बसून ऐकत होती. चावी फिरवताना लोडरचे दिवे मंद होत नव्हते, म्हणजे बॅटरी धडधाकट होती. इंजिनला पहिला फेरा देणारी मोटर, जिला सगळे सेल्फ म्हणतात, तीही बहुतेक चांगली होती. सेल्फच्या डोक्यावर एक डबी असते, तिच्यातले मोटरला करंट देणारे तांब्याचे पॉइंट जळाले होते. तिच्या नवऱ्याने, मधुकररावांनी, तीस वर्षं नाक्यावर सेल्फच दुरुस्त केले. तसले किती पॉइंट तिने स्वतः घासून दिले होते. तेव्हाचे मिस्त्री आधी कान लावायचे, मग पाना उचलायचे.

तिने हे हळूच शोभाताईला सांगितलं.

“मंग? तू काय त्याले शिकवाले चालली का वं?” शोभाताई म्हणाली. “चूप राय. चार वाजू दे.”

रुखमाबाई चूप राहिली. समोरच्या भिंतीची एकेक वीट मधुकररावांनी सायकलवर वाहून आणलेली होती.

ऑपरेटरने वैतागून गेरची दांडी दोनदा पुढे-मागे आपटली आणि चावी तशीच ठेवून तो पाणी प्यायला गेला. मग रोशनने लांब पेचकस काढला. मागच्या मोठ्या चाकासमोर उकिडवा बसून त्याने हात आत घातला. सेल्फच्या दोन जाड बोल्टांवर पेचकस आडवा टेकवला, की डबीला टाळून करंट थेट मोटरला जातो. घाईत सगळेच मिस्त्री असं करतात. चावीने गाडी गेरमध्ये सुरू होत नाही. पेचकसाने होते, आणि सुरू झाली की जागची निघते.

लहानू मिस्त्री असाच चाकाखाली गेला होता, नाक्यावर, भर दुपारी. तेव्हापासून मधुकरराव आधी कॅबिनमध्ये चढायचे, गेरवर हात ठेवून बघायचे, आणि मगच पेचकसाला हात लावायचे.

रुखमाबाईने उठून कॅबिनच्या काचेतून पाहिलं. दांडी पुढे पडलेली होती. ती बोलणार हे शोभाताईच्या लक्षात आलं आणि तिने तिचं मनगट धरलं. शोभाताईला बिचारीला गेरचं काय ठाऊक.

“हात काढ गा पोरा,” रुखमाबाई म्हणाली. “गाडी गेरमध्ये हाय.”

रोशन थांबला. वर चढून त्याने दांडी पाहिली, मधोमध आणली. खाली उतरल्यावर तो चाकाला टेकला. चाक त्याच्या छातीपर्यंत येत होतं. मग तो पुन्हा उकिडवा बसला. ठिणगी उडाली आणि इंजिन धडधडत सुरू झालं. तीन वाजायला दहा मिनिटं कमी होती.

“तुमचं घर कोणतं, आजी?” रोशनने विचारलं.

तिने हनुवटीने भिंत दाखवली. तो ऑपरेटरकडे गेला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून कानात काहीतरी सांगितलं आणि ओळीच्या दुसऱ्या टोकाकडे बोट केलं. ऑपरेटरने मान हलवली. कुठूनही सुरुवात केली तरी त्याला सारखंच होतं.

लोडर मागे सरला, वळला आणि घरांच्या रांगेसमोरून पुढे निघाला. तो कुठे चालला हे शोभाताईला कळलं तेव्हा तो निम्म्यावर पोहोचला होता. ती धावली.

रुखमाबाई मागून पोहोचली तोवर बाया शोभाताईच्या घरातून मिळेल ते बाहेर फेकत होत्या. गॅसवरचा कुकर अजून शिट्टी देत होता. तिने एका हाताने कपड्यांचं गाठोडं उचललं, दुसऱ्या हाताने डब्यांची पिशवी. शोभाताईने दोन्ही तिच्या हातातून ओढून घेतली.

“तू राहू दे,” ती म्हणाली. “जाय आपल्या घरी. तुयं उभं हाय.”