पहिला पेला मोनिकाचा

सरपंच नानासाहेबांनी मृण्मयीच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि लगेच माईक धरला. माईक हाती आला की नानासाहेबांना आवरणं कठीण, हे वस्तीला ठाऊक होतं. त्यामुळे बायकांनी आधीच लिंबाची सावली धरून ठेवली होती.

"दोन उन्हाळे तळं बंद होतं," नानासाहेब म्हणाले. "आज ह्या ताईंच्या शब्दावर उघडतंय. त्यांचे उपकार आपुन कसे फेडावे?"

मृण्मयीला अवघडल्यासारखं झालं. उपकार तिच्यावरच झाले होते, असं तिला मनापासून वाटत होतं.

वस्ती चिकलठाण्याच्या पुढची. पाऊस दरवर्षी हुलकावणी देत होता आणि शहर दरवर्षी थोडं पुढं सरकत होतं. नव्या कॉलन्यांचं सांडपाणी आटत्या तळ्यात येऊ लागलं. एका उन्हाळ्यात पाण्यावर हिरवी साय धरली. तेच पाणी पिऊन तळ्याकाठच्या म्हाताऱ्या कारभारींची नात मोनिका आजारी पडली. उलट्या थांबेनात, डोळे पिवळे झाले आणि कशानं झालं ते डॉक्टरांना उमगेना.

शहरातल्या कॉलेजात शेवाळावर संशोधन करणारी मृण्मयी तेव्हा तळ्यावर आली होती. तिनं पाणी तपासलं, विषारी शेवाळ ओळखलं आणि तडक दवाखाना गाठला. मग उपचारांना दिशा मिळाली. पोर वाचली. "पण यकृत नाजूक झालंय," डॉक्टर म्हणाले होते. "असं पाणी पुन्हा पोटात गेलं, तर आमच्या हातात काही राहणार नाही."

त्या दिवसापासून कारभारी आणि त्यांची बायको मनकर्णाबाई यांच्या घरात देवाच्या खालोखाल मृण्मयीचा नंबर लागला.

ती दर पंधरवड्याला पाण्याचा नमुना न्यायला यायची. एकदा गाळात पाय रुतून तिचा घोटा मुरगळला. "तुमी पडवीत बसा ताई," कारभारी म्हणाले. "बाटली आमी भरून ठिवू. फकस्त येयाच्या आदल्या दिशी फोन करा."

नमुना आपल्या हातानं घ्यावा, असा शास्त्राचा नियम आहे. पण माया करणाऱ्या घरात नियम सांगायला जीभ रेटत नाही. बाटली कशी भरायची ते तिनं दोघांना दाखवलं. पुढच्या खेपेपासून ती पोचायची तेव्हा बाटली खिडकीत तयार असायची, कारभारींच्या दाढीच्या तुरटीशेजारी. मृण्मयीनं चहा प्यायचा आणि निघायचं.

"मागच्या बाटलीत काय गाळ होता हो आजोबा!" एकदा ती सहज बोलून गेली. "शेवाळ मोजता मोजता दिवस गेला. सूक्ष्मदर्शकावर वाकून मान पार आखडली."

"अगं माय!" मनकर्णाबाई कळवळल्या. त्यांनी तेल कोमट केलं आणि ती नको नको म्हणत असताना तिची मान चोळून दिली. मृण्मयीची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिला रडूच आलं.

मग तळं सुधारू लागलं. तिनं सांगितलं आणि लोकांनी तळ्यावर धुणं धुणं सोडलं, गुरं लांब नेली, सांडपाण्याचा ओघळ खणून दुसरीकडे वळवला. प्रत्येक बाटलीत शेवाळ कमी दिसू लागलं, शेवटी तर औषधालाही सापडेना.

तिचे वरिष्ठ अनंतराव चक्रावले. "ऊन असं वाढत असताना शेवाळ वाढायला हवं. हे उलटं कसं?"

"माणसांनी मनावर घेतलं, सर," ती अभिमानानं म्हणाली.

बांधावरून पाणी अजून हिरवट दिसायचं. पण हिरवं तेवढं विषारी नसतं, हे तीच सगळ्यांना समजावून सांगायची. डोळा फसतो, भिंग फसत नाही. तळं उघडायला हरकत नाही, असं तिनं लिहून दिलं.

नानासाहेबांचं भाषण एकदाचं संपलं. मनकर्णाबाई तांब्या घेऊन पुढं आल्या.

"पैला पेला माझ्या मोनीचा," त्या म्हणाल्या. "तिनं सोसलं, तिनंच पैलं प्यावं."

मोनिकानं स्टीलचा पेला दोन्ही हातांनी धरला आणि घटाघटा प्याली. तोंड पुसून ती हसली, तशा टाळ्या पडल्या. तळ्याचं पाणी भरून कॉलनीकडे जाणारा पहिला टँकर हॉर्न वाजवत निघाला.

मृण्मयीचे डोळे भरून आले. तिनं मनकर्णाबाईंचा हात धरला. "आजी, हे सगळं तुमच्यामुळं झालं. तुम्ही माझ्यासाठी किती केलंत!"

"आमी काय केलं माय?" मनकर्णाबाई लाजल्या. "लेकीसारख्या तुमी. त्या दिशी म्हन्ल्या ना, गाळ मोजून मान आखडली? लई वंगाळ वाटलं मला. तवापासून ह्ये तळ्यातून कळशी आनायचे, मी तुरटी फिरवून रातभर ठिवायची. सकाळी वरचं निवळ तेवढं चौपदरी फडक्यातून गाळायची, मंगच तुमची बाटली भरायची. म्हन्लं, लेकीच्या मानंला तेवढाच आराम."

मृण्मयीच्या हातातला नारळ निसटून खाली पडला. मनकर्णाबाईंचं लक्ष नव्हतं. त्या मोनिकाचा पेला पुन्हा भरत होत्या.

"पी मोने, आनखी पी. ह्ये तर आत्ताच तळ्यातून आनलंय, ताजं ताजं."